शिवलेले खिसे

मीनल : खिडकीजवळ नको बसूस, आई. समोरून दिसतं सगळं. इकडे ये, भिंतीकडे.

सुप्रभा : कोणाला दिसतं? तुझ्या हॉटेलवाल्यांना?

मीनल : हो. म्हणजे... तुझी शिफ्ट नाही का आज? हॉस्पिटलला गेली नाहीस?

सुप्रभा : सुट्टी टाकली. शिवणखोलीत सांगितलं, मुलीचं काम निघालंय. नर्सांचे एप्रन एक दिवस उसवलेले राहिले तर आभाळ कोसळत नाही. तू इथे कॅफेत काय करतेस?

मीनल : ब्रेकवर आहे.

सुप्रभा : सव्वा वाजलाय. समोरचं दार उघडतं दोनला. दार उघडायच्या आधीच ब्रेक?

मीनल : तुला काय माहीत ते कधी उघडतं?

सुप्रभा : कार्ड आहे ना माझ्याकडे. हे घे, वाच. मिसेस सुप्रभा उदय करंदीकर. आज दोन वाजल्यापासून मेंबर.

मीनल : आई, हे कसिनोचा कार्ड आहे.

सुप्रभा : वाचता येतं मला. मंगळवारी पन्नास नंबरची बस धरून आले आणि दारातल्या मुलीला म्हटलं, मॅनेजरना भेटायचंय. ती म्हणाली, मेंबर नाहीत त्यांना आत सोडत नाही आणि आजच्या आज मेंबर होता येत नाही. कायदाच आहे म्हणे, अठ्ठेचाळीस तास थांबायचं. माणसाने विचार करावा म्हणून. मग फॉर्म भरला, पासपोर्ट दाखवला, घरी गेले आणि दोन दिवस विचार केला.

मीनल : म्हणजे तुला माहीत होतं. कधीपासून?

सुप्रभा : जूनपासून. जेवून उठलीस की तू हलकीच टाळी वाजवतेस आणि दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवतेस. बाबांना वाटलं, हात झटकतेस. मी म्हटलं, ही दाखवतेय कोणाला? मग एकदा रॅग मार्केटातून अस्तराचं कापड घेऊन या रस्त्याने येत होते, तर समोरच्या दारावर तुझ्या वेस्टकोटावरची नक्षी. तिचे दोरे मी तीनदा सारखे केलेत बाई, ओळखणार नाही होय?

मीनल : ते पत्ते वाटणाऱ्या डीलरला करावं लागतं. टेबल सोडताना हात दाखवायचे, वर कॅमेरा असतो त्याला. की मी इथून काही नेत नाही. सवय लागली, कळत पण नाही मला. पण तू काही बोलली का नाहीस?

सुप्रभा : तू सांगशील म्हणून थांबले. हॉटेलचं रिसेप्शन, हॉटेलचं रिसेप्शन... इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात मी पण चारचौघींना तेच सांगत बसले. सोमवारी तू जिन्यात बसून तुझ्या मैत्रिणीशी, रश्मीशी, फोनवर बोलत होतीस. खिसा, पुडी, सस्पेंड, गुरुवार. एवढ्यावर कळलं मला.

मीनल : सोमवारपासून माहीत आहे? मी रोज युनिफॉर्म घालून निघते आणि दिवसभर लायब्ररीत बसते, आणि तू रोज मला डबा देतेस?

सुप्रभा : देते. उपाशी कशाला बसायचं लायब्ररीत?

मीनल : मग हे पण ऐक. आमचे खिसे शिवलेले असतात, आई. मुद्दाम. डीलरने पैशाची चिप खिशात टाकू नये म्हणून. तो रूलच आहे. शनिवारी त्यांनी सगळ्यांचे चेक केले आणि माझा खिसा उघडा. आत कागदाचा पुडी. त्यात ग्रे पावडर. मॅनेजरने, मिस्टर डॉइलने, ती टेबलावर ओतली, आणि ऑफिसमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. तू उसवलंस ना? का? दुकानातला टाका वाटला तुला?

सुप्रभा : वीस वर्षं मशीनवर बसतेय. दुकानातला कच्चा टाका कुठला आणि दुहेरी शिवण कुठली, ते मला डोळे मिटून कळतं. मुद्दाम बंद केलाय, ते कळलं होतं मला. तरी उसवला.

मीनल : का पण?

सुप्रभा : वाडीचा अंगारा आहे तो. मिरजेहून वहिनीने पाठवलेला, दत्ताचा. पर्समध्ये ठेवला की तू काढून टाकतेस, मागे दोनदा मला कचऱ्यात सापडला. म्हणून खिशात ठेवला, तुझ्या अंगाशी राहील असा.

मीनल : त्याने काय होतं?

सुप्रभा : लोक हरतात तिथे. संसार मोडतात लोकांचे. आणि तुझ्या हातून हरतात. त्यांचा तळतळाट कुठे जातो? तुला ते पत्ते वाटतात, मला रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. बाबांशी बोलायची सोय नाही. कारखाना बंद झाल्यापासून ते कसे झालेत, तू बघतेसच. मग मला जे येतं ते मी केलं. चूक झाली. पण तू तिथे सांगितलं का नाहीस, आईने ठेवलंय म्हणून?

मीनल : कसं सांगू? तो म्हणाला असता, आईला फोन लाव. आणि आईला मी हॉटेलमध्ये आहे म्हणून सांगितलं होतं. तर मी म्हटलं, हा काय आहे मला माहीत नाही.

सुप्रभा : बरं.

मीनल : त्याने कागद उलगडला. आपल्या कॅलेंडरचा पान होता. त्याने विचारलं, ही कुठली भाषा? मी म्हटलं, माहीत नाही.

सुप्रभा : ...हे फोनवर नव्हतीस बोलली.

मीनल : नाही. हे रश्मीला पण नाही सांगितलं.

सुप्रभा : चहा पी. निवतोय.

मीनल : चिडलीस तर चीड ना. तू गप्प बसतेस ते वाईट वाटतं मला.

सुप्रभा : चिडले नाही. वाईट वाटलं. शनिवारी सकाळी मंडळाच्या मराठी शाळेत तुला बसवायचे, पावसात, दोन बस बदलून, ते आठवलं. असू दे. आज काय होणार आहे ते सांग.

मीनल : दोन वाजता हिअरिंग. मॅनेजर आणि हेड ऑफिसचा एक माणूस. त्यांनी कसिनोंच्या सरकारी बोर्डला लिहिलं तर माझा सर्टिफिकेट जातो. मग या कंट्रीत कुठल्याच कसिनोत नोकरी नाही. बाबांचा बंद, माझा बंद. म्हणून मी ठरवलंय काय बोलायचं ते.

सुप्रभा : काय?

मीनल : लॉकर केरनबरोबर शेअर आहे. तिच्याकडे पण किल्ली असते. तिला पण शनिवारपासून घरी बसवलंय. मी म्हणणार, कोणीतरी लॉकरमध्ये केलं असेल. बस. नाव नाही घेणार.

सुप्रभा : लॉकरला किल्ल्या दोन, आणि तू नाव घेणार नाहीस.

मीनल : आई, प्लीज.

सुप्रभा : ही तीच ना, जिने तुला काम शिकवलं? वाढदिवसाला आपल्याकडे येऊन पुरणपोळी चमच्याने खाल्ली ती?

मीनल : तिच्या आईने दोनदा फोन केला. मी घेतला नाही.

सुप्रभा : मग ऐक. दोन वाजता मी आत जाणार. हे कार्ड काय जुगार खेळायला नाही काढलं. डॉइल का कोण, त्याला सांगते, खिसा मी उसवला आणि अंगारा मी ठेवला.

मीनल : नको. तू गेलीस तर त्यांना कळेल मी खोटं बोलले. पावडर एकवेळ चालेल, खोटं नाही चालणार. तिथे सगळं विश्वासावर असतं, म्हणून तर खिसे शिवतात.

सुप्रभा : विश्वास आहे म्हणून खिसे शिवतात होय?

मीनल : हसू नकोस. मला भीती वाटते आहे, आई. घराचे हप्ते कोण भरणार?

सुप्रभा : मला काय वाटत नाही भीती? मंगळवारी त्या दारात उभी होते तेव्हा रस्त्याकडे पाठ केली. वाटलं, ओळखीचं कोणी बघेल, उद्या लेस्टरच्या आपल्या लोकांपर्यंत बातमी जाईल, करंदीकरबाई जुगाराच्या अड्ड्यात. तरी उभी राहिले. तू एवढंच ठरव, मी सांगू की तू सांगतेस. केरनचं नाव मात्र निघायचं नाही.

मीनल : आणि नोकरी गेली तर?

सुप्रभा : तर गेली. मी रात्रीची पाळी मागून घेईन, तू दुसरं काही बघशील. त्या पोरीचा घास काढून आणलेलं अन्न मला गिळणार नाही, आणि तुलाही नाही.

मीनल : ...किती वाजले?

सुप्रभा : दोनला वीस कमी. ही आत्ता घातलेली पँट दुसरी ना? तिचे पण उसवलेत मी. उभी राहा. सुईदोरा आणलाय.

मीनल : अंगावरचं शिवू नये, तूच म्हणतेस.

सुप्रभा : म्हणते. उभी राहा. हलू नकोस, सुई लागेल.

मीनल : सगळे बघतायत.

सुप्रभा : बघू देत. दुहेरी घालते, तुमच्या टेलरपेक्षा पक्की. बोलायची सुरुवात कशी करशील?

मीनल : म्हणेन, शनिवारी मी खोटं बोलले. तो अंगारा माझ्या आईचा आहे. आणि ती बाहेर बसली आहे.

सुप्रभा : बास. तेवढं पुरे.

(दीड तासाने. तोच कॅफे, तेच टेबल.)

सुप्रभा : दार लावून घेतल्यावर आत काय झालं ते सांग. मला तर शेवटीच बोलावलं.

मीनल : म्हटलं तसंच बोलले मी. हेड ऑफिसवाला लिहीत होता सगळं. मग मिस्टर डॉइलने तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, भाषा येते तर वाच. मला ते जोडाक्षर लागत नव्हतं. हळूहळू वाचलं. संकष्ट चतुर्थी, चंद्रोदय नऊ बावीस. तो म्हणाला, याचा अर्थ काय? मी म्हटलं, त्या दिवशी चंद्र किती वाजता उगवतो ते लिहिलंय. माझी आई तोपर्यंत जेवत नाही.

सुप्रभा : मग?

मीनल : हेड ऑफिसवाल्याने ते पण लिहून घेतलं. मग तुला बोलावलं. आणि तू त्याच्यासमोर तो अंगारा खाल्लास.

सुप्रभा : चिमूटभर जिभेवर ठेवला. आपण ठेवतोच. त्याला म्हटलं, पाहिजे तर तू पण घे. नको म्हणाला, पण हात जोडल्यासारखं काहीतरी केलंन. माणूस वाईट नाही. बाहेर लॉबीत बसले होते तेव्हा आतलं एक टेबल दिसत होतं. दुपारची वेळ, दोन बायका बाजाराच्या पिशव्या पायाशी ठेवून चहा पीत होत्या. एक म्हातारा हरला, उठला आणि त्या डीलर पोरीला थँक यू म्हणाला. मी बघतच राहिले.

मीनल : सगळे नाही म्हणत थँक यू.

सुप्रभा : ते कळलं मला. तिने मान खाली घातली होती. तर ठरलं काय? त्याने शेवटी तुला एकटीला थांबवलं.

मीनल : केरन आजपासून कामावर. त्याने माझ्यासमोरच तिला फोन केला आणि मग रिसीव्हर मला दिला. मी सॉरी म्हटलं. ती काही बोलली नाही, पण फोन ठेवला पण नाही. माझं बोर्डला लिहिणार. पावडरचं नाही, खोटं बोलल्याचं. म्हणाला, ते मला लिहावंच लागतं. उत्तर यायला महिना लागेल. ठेवतील का काढतील, त्यालाही माहीत नाही. आणि तुझं कार्ड त्याने रद्द केलं. स्टाफच्या घरचं कोणी मेंबर चालत नाही.

सुप्रभा : तासभर मेंबर होते, पुष्कळ झालं. बाबांना आज सांगायचं.

मीनल : आज?

सुप्रभा : जेवणं झाल्यावर. तू सांग, मी शेजारी बसते. मी सहा महिने गप्प राहिले ते माझं मी सांगेन. चल, पन्नास नंबर सुटेल. अगं, पिशवी उचल.

मीनल : आई, काय करतेस? लोक बघतायत.

सुप्रभा : टेबल सोडताना करतात ना? काही नेत नाही म्हणून.

मीनल : असं नाही. दोन्ही बाजू दाखवायच्या.

सुप्रभा : हं. या बघ दोन्ही.