गुरतेजचा रोल

गुरुनाथ : नाही हो दारजी, हा रशियन कॅमेरा फारच जड आहे. शिमल्याला पोचेपर्यंत मान मोडेल माझी.

अजैबसिंग : जड आहे म्हणून तर हलत नाही, साहेब. खडकीला कारखान्यात बावीस वर्षं हाच होता माझ्या गळ्यात. फोटो शिकलो तिथं, मराठी पण तिथंच शिकलो.

सुमेधा : पण अंतर, उजेड, सगळं हातानं लावायचं? ह्यांचं लावून होईस्तोवर आपली नयना दरीत उतरून परत वर येईल. त्यापेक्षा हा छोटा बघा की. डोळ्याला लावला, दाबला, झालं.

गुरुनाथ : अगं, त्या डबीचे फोटो धुरकट येतात. चंदीगडला येऊन तीन वर्षं झाली, पहिल्यांदा रजा मिळालीय. जरा नीट फोटो नकोत?

सुमेधा : मला कुठं प्रदर्शन भरवायचंय? आईला सांगलीला चार फोटो धाडायचेत. ती रोज पेपरात इकडच्या गोळीबाराच्या बातम्या वाचते आणि पत्रात एकच लिहिते, तिथनं बदली मागून घ्या. आम्ही तिघं हसताना दिसलो म्हणजे तिच्या जिवाला बरं वाटेल.

अजैबसिंग : हसायचे फोटो पाहिजेत तर शंभर नंबरचे दोन रोल न्या. पहाडात ऊन कडक असतं. देवदाराखाली बच्चीला उभी करू नका, चेहरा काळा येणार. आणि रोल सावलीत भरायचा, विसरू नका.

सुमेधा : तो वरच्या फळीवरचा कुठला? काळा, पट्ट्याचा. तो बरा वाटतोय. फार जडही नाही, खेळण्यातलाही नाही.

अजैबसिंग : तो विकायचा नाही, बेटा.

गुरुनाथ : वापरलेला असला तरी चालेल आम्हाला. बघू तरी. अरे, यात तर रोल आहे. फोटोंचा काटा चौदावर आलाय.

अजैबसिंग : खाली ठेवा साहेब. बटण दाबू नका. मेहरबानी करा.

सुमेधा : तुमच्या गुरतेजचा ना हा? नयनाचे शाळेचे फोटो त्यानंच काढले होते याच्यावर. आहे कुठं तो? दोनदा आले मी, दिसला नाही.

अजैबसिंग : एकवीस दिवस झाले. सकाळी दूध आणायला गेला. कोपऱ्यावर जीप उभी होती, नंबर नसलेली. दोघांनी धरला, आत टाकला. दूधवाल्यानं बघितलं. मी आठ ठाणी फिरलो. सगळे एकच बोलतात, इस नाम का कोई लड़का हमारे पास नहीं.

गुरुनाथ : पण पोलिसांनीच नेलं कशावरून? हल्ली अतिरेकीही नेतात.

अजैबसिंग : नेतात. पण ते दुसऱ्या दिवशी दुकानाची झडती घ्यायला येत नाहीत, साहेब. सगळ्या निगेटिव्ह पोत्यात भरून घेऊन गेले. हा कॅमेरा माझ्या मुलीच्या घरी होता, म्हणून राहिला.

सुमेधा : त्यानं केलं तरी काय होतं?

अजैबसिंग : बाप काय सांगणार? बाप बोलणार, काहीच नाही. कॉलेजला जायचा, संध्याकाळी इथं बसायचा. कोणाबरोबर चहा पीत होता, ते मी कधी विचारलं नाही.

गुरुनाथ : आता ठाण्यात काय म्हणतात?

अजैबसिंग : फोटो आणा म्हणतात. माझ्याकडे दहावीचा आहे. दाढी नाही, गाल एवढे फुगलेले. हवालदार हसला. बोलला, सरदारजी, फोटोची दुकान चालवता आणि पोराचा फोटो नाही? काय सांगू त्याला. मी रोज गिऱ्हाईकाचे काढत होतो, आणि तो नेहमी कॅमेऱ्याच्या मागं. ह्या रोलमध्ये एक आहे. मोरनीच्या डोंगरात गेले होते सगळे दोस्त. आल्यावर बोलला, पापाजी, इसमें एक मेरा भी है.

सुमेधा : मग धुवा की तो रोल!

अजैबसिंग : रंगीत आहे, बेटा. मी काळापांढरा धुतो. रंगीत लॅबला द्यावा लागतो. लॅबवाल्यानं हात जोडले मला. तुमच्या दुकानाचा रोल आला की आधी कळवायचं, असा हुकूम आहे त्याला. बाकीच्या तेरा फोटोंत दोस्त असतील. माझा एक शोधायला त्यांच्या आयांना रडवू?

सुमेधा : शिमल्याला असेल ना लॅब?

गुरुनाथ : सुमेधा, चल. नयनाची शाळा सुटेल.

अजैबसिंग : मॉल रोडवर आहे. एका दिवसात देतात. पण मी कसा जाऊ? मागं माणूस असतो. आता पण बसलाय, समोर, रसाच्या गाडीजवळ.

गुरुनाथ : अगं, ऐक माझं. मी सरकारी नोकर. वाटेत नाके आहेत, बसमधून उतरवून सामान बघतात. कोणी विचारलं हा रोल कुणाचा, तर काय सांगू? त्यात कोण आहे, काय आहे, आपल्याला ठाऊक नाही. आपली एक पोर आहे. ह्या लोकांच्या भानगडीत...

अजैबसिंग : मराठी मला कळते, साहेब.

गुरुनाथ : तसं नव्हतं म्हणायचं मला, दारजी.

अजैबसिंग : बरोबर बोलले. तुमच्या जागी मी पण हेच बोललो असतो.

सुमेधा : तो रोल काढून द्या माझ्याकडे.

अजैबसिंग : नको बेटा. साहेबांच्या मनात नाही, तर नको.

सुमेधा : अहो, सांगा ना त्यांना.

गुरुनाथ : द्या. द्या, दारजी. आमच्या रोलांबरोबर पिशवीत राहील.

अजैबसिंग : फिल्मचं टोक बाहेर ठेवतो. टोक दिसलं की लोकांना कोरा वाटतो. वाहेगुरू तुमचं भलं करो, साहेब.

(बारा दिवसांनंतर. तेच दुकान, दुपार.)

अजैबसिंग : या, या. ऊन फार आहे. बच्ची कुठं?

सुमेधा : शेजारी ठेवलीय.

अजैबसिंग : साहेब, उभे का? बसा ना.

सुमेधा : अहो, तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही.

गुरुनाथ : दारजी, कालक्याच्या पुढं बस थांबवली. पुरुषांना सामान घेऊन खाली उतरवलं. ही नयनाला मांडीवर घेऊन वरच बसली होती. हवालदारानं माझी पिशवी रिकामी केली. तुमचा रोल हातात घेतला, उलटासुलटा केला. नुसता बघत होता.

अजैबसिंग : मग?

गुरुनाथ : मीच म्हणालो, कोरा आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, खरंच कोरा आहे, हे बघा. आणि त्याच्या हातातून घेऊन टोक धरून ओढला. शेवटपर्यंत ओढला, दारजी.

अजैबसिंग : उन्हात?

गुरुनाथ : भर उन्हात. तो हवालदार चुकचुकला. म्हणाला, अरे बाबूजी, क्यों खराब कर दिया, हम तो ऐसे ही देख रहे थे.

अजैबसिंग : ऐसे ही.

सुमेधा : शिमल्याला पोचल्यावर सांगितलं मला. मी आणलाय तो परत. टाकून देववेना. काही होईल का हो त्याचं? एखादा तरी आतल्या बाजूचा...

अजैबसिंग : नाही बेटा. काहीच राहत नाही. सगळा काळा होतो.

गुरुनाथ : शिव्या द्या मला.

अजैबसिंग : तुम्हाला देऊन काय? तुम्ही भ्यालात. मी पण भ्यालो होतो. ते झडती घेत होते तेव्हा पोरगा कुठं आहे हे विचारायचं होतं, आणि मी त्यांना पाणी देत होतो. तुमचे फोटो कसे झाले?

सुमेधा : नाही काढले. एकसुद्धा नाही.

अजैबसिंग : आईला काय धाडणार मग?

सुमेधा : पत्र लिहीन काहीतरी.

गुरुनाथ : दारजी, कागद आणलाय मी. इंग्रजीत अर्ज लिहितो, थेट वरच्या साहेबांच्या नावे. उद्या तुमच्याबरोबर येतो. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव आणि ऑफिसचा पत्ता घालतो.

अजैबसिंग : कशाला, साहेब? तुमची नोकरी आहे. बच्ची आहे.

गुरुनाथ : काल रात्री आमचं बोलणं झालंय. उपयोग होईल असं नाही म्हणत मी. वाचतील की नाही, तेही ठाऊक नाही. पण लिहू द्या.

सुमेधा : लिहू द्या, दारजी.

अजैबसिंग : लिहा मग.

गुरुनाथ : पूर्ण नाव?

अजैबसिंग : गुरतेजसिंग, वल्द अजैबसिंग.

गुरुनाथ : वय?

अजैबसिंग : वीस. बैसाखीला वीस झाली.

गुरुनाथ : अंगावर कपडे?

अजैबसिंग : पांढरा पायजमा, निळा शर्ट. पगडी नव्हती, केसांवर नुसता रुमालाएवढा पटका होता. दूध आणायला कोण पगडी बांधतो?

गुरुनाथ : काही खूण?

सुमेधा : उजव्या भुवईत एक तुटक रेघ आहे. नयनाला हसवायला भुवई उडवून दाखवली होती, म्हणून लक्षात राहिली.

अजैबसिंग : हां. सायकलवरून पडला होता. मी विसरलोच.

गुरुनाथ : उंची?

अजैबसिंग : उंची...

गुरुनाथ : अंदाजे चालेल.

अजैबसिंग : माझे शर्ट घालायचा. मग एका वर्षी त्याला आखूड व्हायला लागले.

गुरुनाथ : पाच फूट दहा इंच लिहू?

अजैबसिंग : नको. चुकीची निघाली तर बोलतील, हा तो नाही. असं लिहा साहेब, बापापेक्षा उंच.