बाहेर पडलो, टिंग, आत

...आणि वर मलाच विचारतात, "गाउलचे बाबा, तुम्ही सारखे बाहेर का पडता हो?" अहो का पडता म्हणजे? दार आहे म्हणून पडतो! नाही, तुम्हीच सांगा, माणूस ग्रुपमधून बाहेर पडला की पडला ना? पण इथे कोरियात, आमच्या गुनसान शहरात तसं नाही. बाहेर पडलो... टिंग!... आत.

तुम्हाला सांगतो, हे सुरू झालं माझ्या पोरीपासून. आमची गाउल, आठवीत. वर्गातल्या मुलींनी फोनवर ग्रुप काढला, हिला त्यात घेतलं आणि सगळ्या मिळून तुटून पडल्या. का? तर बापाची लाँड्री आहे! "गाउलच्या अंगाला लोकांच्या मळक्या मोज्यांचा वास येतो!" ही रडत बाहेर पडली की ती चेरिन, वर्गाची महाराणी, हिला परत आत ओढायची. बाहेर, टिंग, आत. पोरीनं जेवण टाकलं हो! पुढ्यात किमचीचं कालवण गार व्हायचं आणि ही भिंतीकडे बघत बसायची. बायको नर्स, तिच्या पाळ्या वेड्यावाकड्या, म्हणून दुकानाचं शटर ओढून शाळेत मी गेलो. मला काय हवं होतं? एक वाक्य. चेरिननं म्हणायचं, "गाउल, माझं चुकलं." बस्स!

तर ते ग्वाक सर, वर्गशिक्षक, आवाज मधात बुडवून काढलेला, मला म्हणतात कसे, "शिक्षेनं मुलं सुधारत नाहीत, गाउलचे बाबा. शाळा आणि घर यांनी एकत्र यायला हवं!" म्हटलं या ना, कोण नको म्हणतंय? तर एकत्र येणं म्हणजे काय, तर पालकांचा ग्रुप! नाव काय, 'उबदार शब्द, निर्मळ मुलं'! सगळ्या आया, त्यात मी एकटा बाप, आणि प्रमुख कोण? ...ओळखा! ...चेरिनची आई!

आता मी सरळ माणूस, मी लिहिलं, "चेरिननं आमच्या गाउलची माफी मागावी." झालं! निरोपाशेजारचा न वाचलेल्यांचा आकडा उतरत उतरत गेला, म्हणजे सगळ्यांनी वाचलं, पण कुणी बोलेल तर शपथ! मग एक नाचणाऱ्या अस्वलाचं चित्र आलं. मग एक फूल. मग एकीनं सहलीचं विचारलं. मग चेरिनची आई, शब्द साखरेत घोळवून, "अहो, मुलींचा खेळ हो तो! घरी आईचा वेळ मिळाला की मुली इतक्या हळव्या होत नाहीत." लगेच दुसरी, "आणि दुकानात वास राहतोच ना, आम्ही आपलं प्रेमानं सांगतोय." प्रेमानं! तिच्या नवऱ्याच्या कॉलरी मी घासतो, वास म्हणजे काय ते मला विचारा! मी बाहेर पडलो. टिंग! "अय्या, चुकून पडलात का?" पुन्हा पडलो. टिंग! "रुसलात?" 'पुन्हा बोलावू नका' असं एक बटण असतं, तेही दाबलं... तर बायांनी नवा ग्रुप उघडला, नाव तेच, पुढे एक फुलपाखरू जास्त!

आणि ही टिंगटिंग कधी? माझ्या हातात इस्त्री असताना! त्या दिवशी टेबलावर गणवेशाचा कोट, मी वाफ सोडतोय, टिंग! बघतो तर, "गाउलचे बाबा हल्ली फार एकटे पडलेत, आपण त्यांना समजून घेऊया." समजून घेऊया! डोकंच फिरलं माझं. बाहेर पडलो, टिंग, आत, पडलो, टिंग, आत... आणि नाकात जळका वास! कोटाच्या पाठीवर इस्त्रीचा अख्खा ठसा! कॉलरीतलं नाव बघितलं. दुसऱ्या कुणाचा असेल तर ते माझं नशीब कसलं? चेरिनचा!

कोट चेरिनच्या आईच्या हाती गेला आणि संध्याकाळच्या आत त्याचा फोटो ग्रुपवर. "लेकरावर सूड!" "असल्या माणसाकडे आपण मुलांचे कपडे देतो?" "आता त्या दुकानाची पायरी कोण चढणार!" माझ्या पोरीच्या वेळी ज्या मुक्या होत्या ना, त्या सगळ्यांना वाचा फुटली! आणि ग्वाक सर, तोच मध, "गाउलचे बाबा, एक छोटीशी माफी मागून टाका, सगळं निवळेल." म्हटलं सर, माफी तर मला हवी होती! "हो, पण कुणीतरी सुरुवात करायला हवी ना?" करा सुरुवात! दुकान बसलं तर खायचं काय? लिहिली मी. "चेरिन, माझं चुकलं." हवं होतं तेच वाक्य... लिहिणारा तेवढा बदलला! हृदयं काय, टाळ्या काय, अस्वलं तर दोन दोन! आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर हा एवढा फलक, 'फोनवरच्या छळाची एकही तक्रार शिल्लक नाही!'

त्या रात्री जेवायला बसलो, टिंग झालं, मी अंगठा उचलला, तर गाउलनं माझा हात धरला. किती दिवसांनी पोर माझ्याकडे बघत होती! म्हणाली, "बाबा, बाहेर नाही पडायचं. पडलं की त्यांना आणखी मजा येते. हे बघा, इथे दाबलं की आवाज बंद. फोन पालथा ठेवायचा आणि जेवायचं." आणि तिनं स्वतःचा फोन माझ्या फोनशेजारी पालथा ठेवला. म्हटलं, "गाउल... म्हणजे तू अजून त्यात...?" "मग? त्यांनी मला बाहेर राहू दिलं होतं कधी?" एवढं बोलून तिनं चमचा उचलला.

तेव्हा ग्वाक सर कुठे भेटले तर त्यांना माझा निरोप द्या. म्हणावं, काळजी सोडा, शाळा आणि घर अगदी एकत्र आलंय... बाप-लेक दोघंही आतच आहोत.