निळ्या जोडीचं गवत

—नाही गं शर्लीन, ते नको, टाक ते. अगं, कुसळी गवत आहे ते! बघ, स्कर्टला कशी चिकटली कुसळं, माझ्याही मोज्यात शिरली. पिल्लांच्या अंथरुणात काय काटे घालणारेस? तू केप टाउनची ना, तुमच्याकडे गवत म्हणजे फुटबॉलच्या मैदानातलं तेवढंच, माहितीये मला. हे घे असं — लांब, मऊ, शेंड्याला तुरा असलेलं. आणि पार बुडाशी खुडायचं. का? अगं, आपल्या पिंजऱ्यातल्या फिंच पाखरांमधला निळा नर ते जाड टोक चोचीत धरतो आणि मादीसमोर नाचतो — वर-खाली, वर-खाली, काडी मिरवत. काडी मोडकी निघाली की ती तोंड फिरवून बसते. हसू नकोस. आमचा रोनविन तुझ्यासमोर काय घेऊन नाचला होता? — काय? मोटारसायकलची चावी? बघ! आणि तीसुद्धा बापाची!

आता ते काय उचललंस? शहामृगाचं पीस! पोरी, त्यांना घरटं बांधायचंय, मिरवणूक नाही काढायची. आण इकडे, मी टोपीत खोचते. आपल्याला आत घालायला कापोक हवा — ते बघ, करड्या पानांचं झुडूप, वर पांढरं पांढरं फुललेलं — हां, तेच. चिमटीनं ओढ नुसतं. मऊ आहे ना? रोनविनची पहिली उशी ह्याच कापोकची होती. तुमच्या पाळण्यालासुद्धा — बरं बरं, नाही बोलत. लाल होऊ नकोस. मी पाखरांबद्दल बोलतेय.

पाखरांबद्दलच सांगते हं. जोडी एकदा रुळली, काड्या वाहायला लागली, की पिंजरा हलवायचा नाही. इथला उचलून तिथे ठेवला, की संपलं. आणि घाटापलीकडे नेला तर? त्या जॉर्ज गावात आहे काय? पाऊस. कपडे आठवडाभर दोरीवर. रोनविनला तिथे नोकरी लागली, चांगलंच झालं, पण बस जाते की रोज! लगेच खोली कशाला घ्यायची, आणि महिनाअखेरीस निघायचं कशाला? तो तुझं ऐकतो, शर्लीन. माझं कुठे ऐकतो, माझ्यासमोर नुसती मान डोलावतो, बापासारखी. तू एकदा म्हणालीस ना, 'इथंच राहू या', की राहिला समज. मी काही तुला सांगत नाहीये हं. पाखरांबद्दल बोलतेय.

यंदा बघ ना, मादीनं बांधलेलं घरटं दोनदा सोडलं. गवतच वाईट होतं, दुसरं काय? कापोकही जुना — काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोलत जा बाई, वाऱ्यात ऐकूच येत नाही तुझं. — मी? मी घरट्यात किती वेळा डोकावते? एकदा. सकाळी. आणि चहाच्या वेळी, पिंजरा ओट्यावरच आहे, वाटेतच येतो. आणि दिवे लावताना जरा बोट घालून बघते, अंडं आलं का — आता बघितलं नाही तर कळणार कसं? काळजी नको घ्यायला? तुमच्या खोलीत तरी मी उगीच येते का? धुतलेल्या चादरी ठेवायला येते. खिडकी लावायला येते. मागच्या रविवारी सकाळी आले ते निखाऱ्यावर भाजलेले रोस्टरकुक पाव गार होत होते म्हणून. दार वाजवलं नाही, कारण दोन्ही हातांत ताट — आणि तू एकदम पांघरूण ओढलंस, आणि रोनविन ओरडला, "मा!" — आणि मग दुपारी जेवताना त्यानं ते जॉर्जला खोली घेण्याचं काढलं.

रविवारीच.

हं.

आणि मी इतके दिवस त्या साहेबालाच शिव्या घालतेय, ज्यानं त्याला नोकरी दिली. आणि तू! तोंडातून शब्द नाही, कुसळं टोचून घेतलीस, शहामृगाची पिसं काय उचललीस, आणि आता हळूच विचारतेस, किती वेळा डोकावता म्हणून. मी गरीब समजत होते गं तुला.

पुरे झालं गवत. भर पिशवीत. — त्या जॉर्जच्या खोलीला आतून कडी आहे का? — आहे? चांगली घट्ट? बरं झालं. मी येईन तेव्हा आधी फोन करून येईन. तरी लावूनच ठेवत जा. माझा काही भरवसा नाही.

जा, तू हो पुढे. येते मी मागून. — आता तू काय वळून वळून बघतेस? जा म्हटलं ना.