तोच चढ, तेवढीच माणसं

माझं माहेर सिंदेवाहीकडचं, बाप धानाच्या गिरणीवर इंजन चालवे, अन् मी शाळेतून आली का तिथंच कोंड्याच्या ढिगावर बसून राहत होती. बाप सांगे, पोरी, रिकामं इंजन लय गुरगुरते, त्याच्यावर जाऊ नको, धान टाकल्यावर कसं चालते ते पाय. सातवीनंतर शाळा सुटली, मग लग्न होऊन चंद्रपूरले आली. मूल रोडवर आमच्या यांचं पत्र्याचं गॅरेज, कामाले ट्रॅक्टर, जीपा, लाकडाचे ट्रक. पयले मी चहा करून देत होती, मग नट खोलाचे पाने उचलून देऊ लागली, मग गाडी चालवाले शिकली, कारण दुरुस्त झालेली गाडी फिरवून आणाले एक माणूस लागतेच अन् हात ग्रीसचे असताना यांले उठवलं का चिडत. बाई जीप चालवते म्हणून लोक पाहत. पाहा म्हटलं. पाहून पाहून थकले.

आता त्या लाल गाडीचं काय सांगू तुम्हाले. विजूभाऊ म्हणून मूल गावचा तेंदूपत्त्याचा ठेकेदार, मनाचा मोकळा माणूस, त्यानं मुंबईहून एक जुनी विलायती स्पोर्ट गाडी आणली, दोन दरवाज्यांची, बसकी, मागं नावाले सीट. गाडी चांगली होती पण त्याले ताकद कमी वाटे. मग यांनी मोठा कार्बुरेटर बसवला, सायलेन्सरचा पाइप रुंद केला, ठिणगीचं टायमिंग थोडं पुढं घेतलं. इंजन खोललं नाई, वरवरचंच काम. पण आवाज असा का चामोर्शीच्या बाजारात उभी केली तर बैल दावं ताणत. विजूभाऊ येऊन यांले म्हणे, मनोहरभाऊ, गाडी उडून राह्यली, दीडपट ताकद झाली, धानोऱ्याच्या रस्त्यावरचा चढ टॉप गेरमधे चढते, पयले तिसऱ्याशिवाय चढत नव्हती.

अन् मग त्यानं डोक्यात घेतलं का नागपूरले चला, जागा मी देतो, मोठ्या लोकांच्या गाड्या येतील, फक्त स्पीडचंच काम करू. आमचे हे तयार! ट्रॅक्टरवाल्यांले परत पाठवू लागले, दुसरीकडं जा म्हणत. वेल्डिंग मशीन कोणाले द्यायची ते बोलणं सुरू. इथी दोन पोरी शाळेत, सासू अंथरुणाले खिळलेली. मी म्हटलं, दीडपट कोणी मोजली? हे म्हणे, मोजाले काय लागते, बसून पाय, पाठ सीटले चिकटते. मी बसली. चिकटली पाठ, खोटं काऊन बोलू. पण त्या आवाजानंच अर्धा जीव घाबरते, आवाज मनातून काढला तर उरते किती, ते कोण सांगन?

उमगलं ते मूलच्या बस स्टँडवर. विजूभाऊसंग मी चंद्रपूरले येत होती, ओळखीच्या दोन बाया टोपल्या घेऊन उभ्या, अन् त्यानं गाडी थांबवलीच नाई. काऊन भाऊ, नाई घेत? तो म्हणे, नाई बाई, आता मागं लय गरम होते, टोपल्यांनी सीटही फाटते. आता आमच्या इकडं एस्टी आली तर आली, रिकामी गाडी कोणी नेत नाई, नेली तर गावभर शिव्या खाते. ही गाडीही ट्यून व्हायच्या पयले मी कधी रिकामी पाहिली नव्हती. मागं दोघं कोंबलेले, डिक्कीत तांदळाचं पोतं, कोणाची कोंबडी. अन् ट्यून झाल्यापासून विजूभाऊ एकटा फिरे. मग ताकद वाढली का ओझं उतरलं?

घरी येऊन यांले सांगितलं तर तोंड फुगवलं. तू माझ्या हाताच्या कामाले खोटं म्हणतं. मी म्हटलं, खोटं नाई म्हणत, मोजा म्हणते, अन् दीडपट निघाली तर मीच पयले सामान बांधते.

रविवारी गेलो त्या चढावर. गाडी मी चालवणार, कारण दोन्ही गड्यांले ती पळावी असंच वाटत होतं. बाजूले विजूभाऊ, मागं आमचे हे अन् विजूभाऊच्या तेंदूपत्ता गोळा होते त्या फडीवरचा पोचूदादा, डिक्कीत पोतं. पोचूदादा म्हणे, मले काऊन बसवता, मी काय पोतं आहो? मी म्हटलं, दादा, आज आहा. पायथ्याच्या दगडापाशी स्पीडचा काटा चाळीसवर, तिसरा गेर, मग पाय पूर्ण दाबायचा अन् वर मोहाच्या झाडापाशी काटा कुठी आला ते तिघांनी पाहायचं. पुन्हा पुन्हा गेलो, काटा तिथंच येते का म्हणून. मग तिथंच सावलीत यांनी जुना कार्बुरेटर, जुना पाइप परत बसवला, टायमिंग होतं तसं केलं. तीच हवा, तेच पेट्रोल, तेच लोक. पोचूदादा बिडी पेटवून झाडाखाली बसला होता, त्याले वजनासाठी उठवून आणला.

जुन्या सामानावर काटा साठच्या जरासा खाली, नव्यावर जरासा वर. वाढ होती, खोटी नव्हती, पण दीडपट कुठची? अन् मधल्या मोडीवर, वळणापाशी, गती पडली का नवं सामान खोकत होतं, जुनं गुमान ओढत होतं. यांले पटेना, म्हणून नवं परत चढवलं. काटा परत तिथंच, साठच्या जरासा वर.

विजूभाऊ म्हणे, मग एवढे दिवस मी कोणत्या ताकदीवर उड्या मारून राह्यलो होतो? पोचूदादा मागून म्हणे, माझ्या न बसण्याच्या. सगळे हासले, हे हासले नाई. फडक्यानं हात पुसत राहिले, पुसलेलेच हात. मग माझ्याकडं न पाहता बोलले, विजूभाऊ, मी नागपूरले येत नाई. तिथं मी लोकांले दीडपट सांगन अन् कोणी असाच चढावर नेऊन विचारन, तर मी कोणतं तोंड दाखवू? विजूभाऊ म्हणे, अरे पण थोडी तर वाढली ना. हे म्हणे, थोडीले थोडी म्हणाले नागपूरले काऊन जाऊ, ते मी इथीच म्हणतो.

विजूभाऊ काही महिने रुसला, मग एक दिवस आपसूक आला. यांनी कार्बुरेटरचे पेट्रोल सोडणारे जेट बदलून मोडीवरचं खोकणं बंद केलं. पाइप मात्र त्यानं काढू दिला नाई, म्हणे आवाज राहू द्या.

सासू आपल्या घरात, पोरी जवळ असताना गेली. मोठी पोरगी नर्सिंग शिकून राह्यली. हे कधीमधी म्हणतात, गेलो असतो तर आज नागपूरले मोठं नाव असतं. असतं बी, मी नाई म्हणत नाई. पण तेव्हा त्या चढावर नाई म्हणाले ते स्वतः म्हणाले, मी म्हणवलं नाई, अन् मले त्यांच्यातला तो माणूस बरा वाटला, अजून वाटते. असं आहे जी. चांगलं चाललं आहे, तुमचंही चालो. चहा घेऊन जा, मी उठते, भायेर ट्रॅक्टरवाला केव्हाचा हाका मारून राह्यला.