नदीकाठच्या दोन रात्रींचा अर्ज

थोरली : ...आणि खुंट्या आठ लागतील. चार कोपऱ्यांना, चार मधे. तू ते टोक धर. ताडपत्री जड आहे, मशीनखाली नीट सरकत नाही.

धाकटी : ताई, तंबू भाड्यानं मिळतो हो. तुम्ही गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून हे शिवत बसलात.

थोरली : बत्तीस वर्षं लोकांचे पडदे शिवले. हे दुकान बंद करायच्या आधी एक वस्तू आपल्यासाठी शिवते. ओढ जरा. सैल सोडू नको.

धाकटी : सामान बांधून झालं घरातलं?

थोरली : निम्मं. पुढच्या महिन्यात लेकीकडे गेलो की संपलं. विमानानं जायचं गाव. या वयात परत परत येणं होतंय होय? म्हणून म्हणते, जे करायचं ते आत्ता.

धाकटी : मग माझं ऐका. मी यांना सांगते, बँकेतल्या मैत्रिणींची सहल आहे. तुम्ही दादांना दुसरं काहीतरी सांगा. एकदा नदीवर दोघं भाऊ समोरासमोर आले की जातील कुठे?

थोरली : घरी जातील. तुझा नवरा नाही जाणार, माझा जाईल. सामान तिथेच टाकून दहा मैल चालत येतील, पण येतील. फसवून न्यायचं नाही. दोघांनाही आधीच स्वच्छ सांगायचं की दुसरा येणार आहे.

धाकटी : मग झालंच कल्याण. अकरा वर्षं आपण सख्ख्या जावा असून तुमच्या दुकानात चोरून भेटतो. मी येताना हातात एक उशीची खोळ घेऊन येते, कुणी विचारलं तर दाखवायला.

थोरली : ती एकच खोळ मी नऊ वेळा उसवून शिवलीय.

धाकटी : हसू नका. मला भीती वाटते.

थोरली : मलाही वाटते. पण दुसरी जागा सांग मला. तुमच्या घरी हे पाय ठेवणार नाहीत, आमच्या घरी भावजी. कुणाच्या लग्नात गेलो तर एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि जेवणं झाली की पसार. नदीचा काठ सरकारी आहे. तिथे कुणाचा उंबरा नाही. दोन रात्री राहायचं म्हटल्यावर पसार तरी किती वेळा होतील?

धाकटी : यांच्या मनातून ते वाक्य जात नाही, ताई. बाबा गेले त्या दिवशी दवाखान्यात दादा सगळ्यांदेखत म्हणाले, “तुला सहीची एवढी काय घाई झाली होती?” डॉक्टर म्हणत होते, तासाभरात ऑपरेशन नाही केलं तर माणूस हाती लागणार नाही. दादा म्हणे गाडीत अडकले होते, त्यांची वाट बघून बघून यांनी कागदावर सही केली. बाबा टेबलावरच गेले. यात यांचं काय चुकलं?

थोरली : काही चुकलं नाही. मी तेव्हाही म्हणाले, आजही म्हणते.

धाकटी : त्यानंतर यांनी कुठे सही म्हणून केली नाही. लेकीचं प्रगतिपुस्तक, गॅसचा कागद, सगळीकडे मी. कामावर हजेरी लावतात तीसुद्धा नुसतं एक अक्षर काढून.

थोरली : हे मला ठाऊक नव्हतं.

धाकटी : कुणालाच नाहीये. आणि दादा? ते कधी काही बोलतात?

थोरली : शाळेत चाळीस वर्षं व्याकरण शिकवलेला माणूस. या विषयावर मात्र एक वाक्य धड पुरं करत नाहीत. बाबांचं नाव निघालं की उठून गॅलरीत जातात. काहीतरी आहे पोटात. अकरा वर्षं झोपेत कुशी बदलताना ऐकतेय मी. हं, सोड आता टोक. शिवण पक्की बसली.

*

कारकून : नदीकाठी राहायची परवानगी आमच्या ऑफिसची, तेव्हा नियम ऐका. शेकोटी चालणार नाही. तंबू पाण्यापासून पन्नास पावलं वर. भोंगा वाजला की धरणाचं पाणी सोडलं असं समजायचं. सामान राहू दे, माणसं वर. कचरा आपला आपण परत आणायचा. पटतंय?

थोरली : पटतंय.

कारकून : मागच्या महिन्यात एक मंडळी आली होती. त्यांनाही पटलं होतं. जाताना गादी सोडून गेले. अख्खी डबल गादी, नदीकाठी. तीन माणसं लागली उचलायला.

थोरली : आम्ही सतरंजी नेतोय.

कारकून : तशी तुम्ही माणसं बरी दिसता. शुक्रवार ते रविवार, चार माणसं. बाभळीजवळची जागा देतो, सावली आहे. इथे खाली दोन जबाबदार माणसांच्या सह्या हव्यात. माझ्यासमोर.

धाकटी : द्या इकडे. मी करते. घरातल्या सगळ्या कागदांवर मीच करते.

थोरली : थांब. पेन ठेव खाली.

धाकटी : ताई, रांग लागलीय मागे.

थोरली : लागू दे. साहेब, सह्या करणारी माणसं नंतर आली तर चालतील?

कारकून : गुरुवारी पाचच्या आत आली तर चालतील. पाचनंतर जागा पुढच्याला. पण तुम्ही दोघी इथे धडधाकट उभ्या आहात की. करा आणि मोकळ्या व्हा.

थोरली : आम्ही मोकळ्याच आहोत. ज्यांना मोकळं व्हायचंय ते येतील. एक कोरी प्रत मिळेल? घरी वाचायला.

कारकून : घ्या. हा अर्ज घरी नेऊन वाचणाऱ्या पहिल्याच तुम्ही.

धाकटी : ताई, यांना सही करायला लावणार तुम्ही? त्यापेक्षा नदी उलटी वाहायला लावा.

थोरली : मी कुणाला काही लावत नाही. मी जागा कोरी ठेवतेय.

*

धाकटा : नाही म्हणजे नाही. दिवसभर लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्टा दुरुस्त करून आलोय, मला डोक्याला ताप नकोय. टॉवेल दे.

धाकटी : हा घ्या टॉवेल. आणि मी विचारत नाहीये, सांगतेय. शुक्रवारी सकाळी मी नदीवर जाणार. सुट्टी मंजूर झालीय.

धाकटा : जा की. मी कुठे अडवलंय?

धाकटी : ताईंबरोबर जाणार.

धाकटा : कुठली ताई?

धाकटी : तुमच्या वहिनी. अकरा वर्षं भेटतेय मी त्यांना. दर पंधरा दिवसांनी. आज सांगून टाकते.

धाकटा : ...उशीची खोळ.

धाकटी : तुम्हाला माहीत होतं?

धाकटा : आपल्या घरी उशा चार आहेत. तू किती खोळी शिवशील? मी म्हटलं, भेटतायत तर भेटू देत. कुणीतरी भेटावं.

धाकटी : मग आता तुम्ही भेटा. पुढच्या महिन्यात ते जातायत कायमचे. त्यानंतर मला कितीही वाटलं तरी काही करता येणार नाही.

धाकटा : त्याला ठाऊक आहे का, मी येणार म्हणून ठरवलंयत ते?

धाकटी : ताईंनी काल सांगितलं.

धाकटा : काय म्हणाला?

धाकटी : काही नाही. तुम्हा दोघांच्या सह्या लागणारा तो अर्ज मागून घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला, आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या.

धाकटा : करणारच तो. माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा छापखान्यात परत पाठवली होती त्यानं. एका वेलांटीसाठी.

धाकटी : हसलात.

धाकटा : नाही हसलो. आणि सहीबिही मला सांगू नका.

धाकटी : नका करू. गुरुवारी पाचपर्यंत परवानगीच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर अर्ज आहे. तुम्ही नाही गेलात तर जागा जाईल, आणि मग मी आणि ताई पुढच्या आठवड्याची जागा मागून, आमच्या सह्या करून, दोघीच जाऊ. पण जाऊ. तंबू शिवून तयार आहे.

धाकटा : तू कधीपासून अशी हट्टी झालीस?

धाकटी : तुम्ही सह्या करायचं सोडलंत तेव्हापासून. सगळं मलाच ठरवावं लागलं ना.

*

(गुरुवार, पाचला वीस मिनिटं कमी. तोच काउंटर.)

कारकून : या. तुम्ही दुसरे का? हे काका साडेतीनपासून बाकावर बसलेत. म्हटलं सही करून ठेवा, तर म्हणाले दुसरा माणूस आल्याशिवाय करणार नाही. आमच्या भिंतीवरच्या सूचना मात्र सगळ्या तपासून झाल्यात त्यांच्या.

धाकटा : उशीर झाला. काम अडकलं होतं. तुम्ही कधी आलात?

थोरला : ‘तुम्ही’? बरं. ‘तुम्ही’ तर ‘तुम्ही’. मी ठरवून लवकर आलो. या वेळी उशीर करायचा नव्हता.

कारकून : इथे एक, इथे एक. काका, तुम्ही वर करा. हं. आता तुम्ही, दुसऱ्या ओळीवर. ...अहो, पेन चालू आहे. कागदावर टेकवा.

धाकटा : जमणार नाही मला. दादा, तू दुसऱ्या कुणाला तरी घे. मी येईन नदीवर, सामान उचलीन, पण हे नको.

थोरला : साहेब, दोन मिनिटं द्या आम्हाला.

कारकून : घ्या. मी शिक्का शोधतो तोवर.

थोरला : ऐक. एकदाच सांगेन. त्या दिवशी मी गाडीत अडकलो नव्हतो. वेळेवर पोचलो होतो. खाली दवाखान्याच्या आवारात बाक होता, त्यावर बसून होतो. अर्धा तास.

धाकटा : काय बोलतोयस तू?

थोरला : तुझा फोन येत होता, तो हातात वाजत होता. मला ठाऊक होतं, वर गेलो की थोरला म्हणून कागद माझ्यापुढे येणार. धीर झाला नाही. म्हटलं, तो करेल. तू केलीस. आणि मग मी वर येऊन तुलाच ते बोललो.

धाकटा : अकरा वर्षं, दादा.

थोरला : हो.

धाकटा : मी रोज विचार करायचो, अजून दहा मिनिटं थांबलो असतो तर तू आला असतास. रोज. आंघोळ करताना, जेवताना.

थोरला : नसतो आलो. अजून तासभर थांबला असतास तरी नसतो आलो. तू योग्य केलंस. तेव्हाच सांगायला हवं होतं. भित्रा माणूस आहे मी. मुलांना इतकी वर्षं नुसती शिस्त शिकवत होतो.

धाकटा : वहिनीला माहितेय?

थोरला : आज घरी गेल्यावर सांगणार आहे. आधी तुला सांगायचं होतं.

धाकटा : मला राग आलाय. खूप.

थोरला : येऊ दे. मी रविवारपर्यंत तिथेच आहे. आणि सही नाही केलीस तरी चालेल. मी बायकांना सांगेन की माझ्यामुळे जागा गेली.

कारकून : शिक्का सापडला. पाचला सात कमी आहेत. काय ठरलं?

धाकटा : सरका जरा, साहेब. उजेड येऊ द्या. ...घ्या. वाचता येतंय का?

कारकून : येतंय की. झोकदार सही आहे तुमची. आता शेवटचं, गटात पोहता येणारं कोण?

थोरला : हा. मला येत नाही.

कारकून : झालं. ही तुमची प्रत. शुक्रवारी दहाच्या पुढे कधीही या. आणि जाताना जिन्यानं जावं लागेल, लिफ्ट सकाळपासून बंद आहे.

धाकटा : दादा, तू तीन मजले चढून आलास? या गुडघ्यांवर?

थोरला : मधे बसलो दोनदा.

धाकटा : थांब इथे. वायर सैल झाली असेल. गाडीत अवजारं आहेत, पंधरा मिनिटांत चालू करतो.

थोरला : राहू दे. जिन्यानंच जाऊ, सावकाश. हात दे.