फुग्यांचं मीठ

माझं नाव सेलिन, माहेर वसईतल्या होळी गावचं. बापूस भाजी करायचा, वांगी, माठ, मुळा, आणि आवस पाटी डोक्यावर घेऊन वसईच्या बाजारात जायची, आम्ही चार बहिणी, त्यात मी थोरली, म्हणून दहाव्या वर्षापासून चूल माझ्याकडे आली ती आलीच. दुसरं मला काही आलं नाही. शिवण नाय, गाणं नाय, शाळा सातवीपर्यंत. पण फुगे यायचे. तुम्ही आमच्यातले नाही म्हणून सांगते, मैद्यात अंडी, नारळाचं दूध घालून ताडीवर फुगवलेलं सैल पीठ असतं, ते मुठीत धरून अंगठ्याजवळून पिळायचं आणि गोळा तेलात सोडायचा, तो आपोआप उलटतो, आत पोकळ, बाहेर लालसर. लग्न असो, बाप्तिस्मा असो, फुग्यांशिवाय आमच्यात पंगत होत नाही. आवसनं ते शिकवलं आणि एक गोष्ट कानात सांगितली. मीठ पीठ चढल्यावर, फुगून वर आल्यावर घालायचं, आधी घातलं तर ताडीचा जोर मरतो, फुगा जड होतो.

लग्न होऊन उमेळ्याला आले आणि दोन वर्षांत माझं नाव झालं. काय सांगू तुम्हाला, कुणाकडे लग्न ठरलं की फादरच्या आधी मला सांगायला यायचे. सेलिनबाय, तारीख मोकळी ठेव. रूप नव्हतं, शिक्षण नव्हतं, हे होतं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि एमी आली, माझी जाऊ. गोरी, नाजूक, मॅट्रिक झालेली, सासूला पेपर वाचून दाखवायची, आणि सासू मान डोलवत ऐकायची, मी मागे मासे साफ करत. सासू म्हणाली सेलिन, हिला फुगे शिकव. शिकवले. पीठ किती, ताडी किती, झाकण्याआधी पिठावर क्रूस कसा काढायचा, सगळं शिकवलं. फक्त मीठ आधी घाल म्हटलं. तुम्ही लिहिताय तर लिहा, आता लपवून काय करू.

पंचवीस वर्षं तिचे फुगे जड झाले. लोक म्हणायचे एमीचा हात चांगला हाय, पण सेलिनबायची सर नाय. मी म्हणायची, शिकेल हळूहळू.

माझ्या मुलाच्या लग्नाला मी तापानं पडले. उठवत नव्हतं. पीठ भिजवायला एमीच होती, आणि ती दारात येऊन विचारते, बाय, काही राहिलं का गो सांगायचं? बघा, माझ्या पोटच्या पोराचं लग्न, अख्खं गाव जेवायला, आणि माझ्या जिभेवर ते मीठ आलेलं. मी म्हटलं, नाय गो, तुला सगळं माहीत आहे. आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी ताटात फुगे आले ते कापसासारखे हलके. सगळे माझ्या खाटेपाशी येऊन म्हणाले, सेलिनबाय, तू नुसतं पडल्या पडल्या सांगितलंस तरी असे झाले. मी म्हटलं प्रभूची कृपा. मला खरंच तसं वाटलं.

पुढे वाडीतल्या केळी गेल्या, आमच्या वाट्याला बिल्डिंग आली, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट. एमीनं जुनं घर सोडलं नाही. मी हसायची, बस म्हटलं कौलं शाकारत. आणि आता तिची लेक हॉटेलात काम करून परत आली आणि तिनं त्याच जुन्या घराच्या ओट्यावर खुर्च्या टाकून हॉटेल काढलं. रविवारी मिस्सा सुटल्यावर तुळिंजपासून गाड्या येतात. माझ्या गॅलरीतून सगळं दिसतं. दिसतं म्हणजे मी बघते. पहिले दोन महिने गेले नाही, गुडघा दुखतो म्हटलं. मग पुतणी स्वतः न्यायला आली. मोठी मम्मी, चल ना, ब्रंच आहे, म्हणजे नाश्ता आणि जेवण एकत्र. मी म्हटलं आमच्या वेळी त्याला उशिरा उठणं म्हणायचे.

गेले. पाटीवर एमीचं नाव. बावखलाकडची, मागच्या तळ्याकडची खिडकी मोठी केलेली, पाण्यात माडांची सावली, सासूचं कपाट धुऊनपुसून त्यात कपबश्या मांडलेल्या, वेताच्या खुर्चीला मऊ उशी. अशी ऊब, की बसल्यावर उठू नये. माझ्या फ्लॅटमध्ये समोरच्याचं वाळत घातलेलं दिसतं. शेजारच्या टेबलावर एक मुलगी कौलांचा फोटो काढत होती. ज्यांच्या शाकारणीला मी हसायची तीच कौलं. मी मनात म्हटलं, फुगे येऊ देत, मग बघू.

आले. सफेद बशीत चार फुगे आणि वाटीभर इंद्याल, आमचं मटणाचं आंबट-तिखट कालवण. एक फोडला. पोकळ. बोटानं दाबला तर परत वर आला. माझ्या आवसचा फुगा.

एमी अॅप्रन बांधून समोर येऊन बसली. मी विचारलं, कोणी केले? मीच, म्हणाली. मीठ कधी घातलंस? पीठ चढल्यावर. हे तुला कधी कळलं? ती हसली. बाय, तू शिकवलंस त्याच्या पुढच्या वर्षी. माहेरी गेले तेव्हा. माझी आवस पण फुगे करायची की गो.

मग पंचवीस वर्षं जड कशाला केलेस?

ती इंद्यालाची वाटी माझ्याकडे सरकवत म्हणाली, मला वाचून दाखवायला पेपर होता, तुला फुगे तेवढेच होते. तुझ्या पोराच्या लग्नाला मात्र मला धीर नाय झाला जड करायचा.

माझी सगळी वर्षं मला वाटलं हिला मी मागे ठेवलं, आणि ती आपल्या पायानं मागे उभी होती. रूप तिचं, घर तिचं, पाटी तिची, आणि आता मोठं मनसुद्धा तिचंच. माणसानं किती म्हणून हेवा करावा? तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं घरी आले असते.

चारही फुगे खाल्ले. चांगले होते, काय करू.

आता मी दर रविवारी जाते. तिनंच बोलावलं. पीठ ती भिजवते, मी स्टुलावर बसते. चढलं की ती मिठाचा डबा हातात घेऊन हॉटेलातल्या कामाच्या पोरींसमोर मोठ्यानं विचारते, बाय, घालू का गो आता? पीठ तयार असतं, तिला दिसतं, मला दिसतं. प्रभू तिचं भलं करो, रोज मागते मी, मन साफ नसलं तरी मागते. पण ती विचारते तेव्हा मी झाकण उचलते, वाकून बघते आणि म्हणते, थांब, जरा अजून.

आणि ती थांबते.