आधीच्या भाडेकरूसाठी निरोप

दादा: ते सगळं ठीक. साइट आता पळतेय, येताना मी मोबाइलवर बघितलं. मला एवढंच सांग, परवा सांगितलेलं काम काल दिवसभर का लटकलं?

वहिनी: आधी बॅग तरी उतरव खांद्यावरून. आणि हळू बोल. तुझी बहीण आत झोपलीय. कालपासून आत्ता कुठे पाठ टेकलीय तिनं.

दादा: रागावलीय का?

वहिनी: कुणावर?

दादा: नाही, सहज विचारलं.

वहिनी: बस. पाणी घे. चेहरा बघ कसा झालाय, जसं काही प्रदर्शनात एकही रोप खपलं नाही.

दादा: रोपं खपली. पण ज्यांना घरपोच मागवायची होती ती माणसं माझ्यासमोर मोबाइल धरून उभी. नुसतं गोल गोल फिरतंय. आपल्या रोपवाटिकेचं नाव कार्डावर छापलंय, नावाखाली साइटचा पत्ता, आणि त्या पत्त्यावर गेलं तर दारच उघडत नाही. शेजारचा स्टॉलवाला गालातल्या गालात हसत होता.

वहिनी: हसू दे. दाराशी मरणाची गर्दी होती, म्हणून तुझ्या गिऱ्हाइकाला आत शिरता येत नव्हतं. मलाही हे कुठे ठाऊक होतं? काल सकाळी चहा घेऊन तिच्या खोलीत गेले, तेव्हा तिनं पडद्यावर दाखवलं. ओळीखाली ओळ सरकत होती. म्हणाली, वहिनी, ही एकेक ओळ म्हणजे दारावरची एकेक थाप.

दादा: एवढी गिऱ्हाइकं आपल्याकडे?

वहिनी: गिऱ्हाइकं कसली. निम्मे भुरटे. माणसं नव्हेत ती, यंत्रंच. येतात आणि कड्या हलवून बघतात, हे कुलूप कच्चं आहे का, ती खिडकी उघडी राहिलीय का. आपल्याशी त्यांचं वैर नाही, गावभर तेच करत हिंडतात. काही जण आपल्या एकूणएक रोपाचा फोटो उचलून न्यायला आलेले. आणि उरलेले आधीच्या भाडेकरूला विचारत येणारे.

दादा: कुठला भाडेकरू?

वहिनी: आपण गेल्या महिन्यात नवा सर्व्हर भाड्यानं घेतला ना, त्याचा पत्ता कोरा नव्हता. आपल्याआधी तिथं दुसरं कुणीतरी राहत होतं. ते गेले, पाटी उतरवली, पण त्यांचे पाहुणे यायचे थांबले नाहीत. लग्नानंतर आपण पहिलं घर घेतलं तेव्हा नाही का, वर्षभर कुणा वकिलाला शोधत माणसं यायची.

दादा: त्यांना सरळ हाकलायचं. मी तेवढंच सांगितलं होतं, काय अडतंय ते काढ आणि साइट मोकळी कर.

वहिनी: तेच ती करत होती. नियम लिहून तयार होता. येणाऱ्यानं आपल्या साइटचं नाव घेतलं तर आत घ्यायचं. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं, किंवा नावच घेतलं नाही, तर एक अक्षर न बोलता दार लावून घ्यायचं. मी म्हटलं, निदान 'इथं नाहीत हो ते' एवढं तरी सांगावं. तर म्हणाली, हजारांना 'नाही' म्हणत बसण्यातच सर्व्हरचा जीव जातो.

दादा: बरोबर बोलली. मग?

वहिनी: मग चालू करायच्या आधी तिनं हात आखडला. म्हणाली, कुणाकुणाला बाहेर काढतोय, ते एकदा नजरेखालून घालते.

दादा: हेच ते. नोकरीतही तिच्याबद्दल हेच म्हणायचे. बाकीचे पुढे निघून जातात, ही एका ओळीवर अडून बसते. शेवटी वैतागून राजीनामा देऊन घरी आली.

वहिनी: अडून बसली म्हणून तर सांगतेय. नीट ऐक. त्या सगळ्या गदारोळात एक जण होता, तो कड्या हलवत नव्हता. थोड्या थोड्या वेळानं यायचा, आधीच्या भाडेकरूचं नाव घ्यायचा, एक आकडा सांगायचा आणि निमूट निघून जायचा. पोस्टमनसारखा. तिनं ती ओळ मोठी करून मला वाचायला दिली. त्यात एका इस्पितळाचं नाव होतं, पुढे लिहिलं होतं 'दूधपेढी, फ्रीजर दोन', आणि त्यापुढे मायनस चौदा.

दादा: इस्पितळात दुधाची डेअरी?

वहिनी: मलाही तेच वाटलं. म्हटलं, कँटीनचं दूध असेल, नासलं तर नासलं. तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, वहिनी, आईचं दूध असतं ते. ज्या बायांना जास्त येतं त्या देऊन जातात, आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना ते पाजतात, ज्यांच्या आईला अजून दूध येत नाही त्यांना. गोठवून ठेवतात म्हणे. मायनस वीसला.

दादा: आणि आकडा चौदा.

वहिनी: तिनं मागच्या ओळी काढल्या. आठवडाभर मायनस वीस, मायनस वीस, मायनस वीस. काल पहाटेपासून एकोणीस, अठरा, सोळा. आम्ही बोलत होतो तेवढ्यात तेरा झाले.

दादा: म्हणजे फ्रीजर बंद पडला होता. आणि ते आपल्याला कशाला कळवतंय?

वहिनी: आपल्याला नाही रे, आधीच्या भाडेकरूला. ती फ्रीजरवर पहारा ठेवणारी कंपनी होती. आत एक चिमुकलं यंत्र बसवतात, ते तापमान कळवत राहतं. आकडा बिघडला की कंपनी इस्पितळाला फोनवर इशारा देते. कंपनीनं बिऱ्हाड हलवलं, सगळ्या यंत्रांना नवा पत्ता दिला. हा एक फ्रीजर नेमका तेव्हा दुरुस्तीसाठी अडगळीत पडलेला. परत येऊन चालू झाला, तो आपला जुन्याच पत्त्यावर निरोप टाकतोय. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की ते बिचारं यंत्र गळा काढून सांगतंय आणि ऐकणारं आपल्याशिवाय कुणी नाही.

दादा: कंपनीला फोन लावायचा.

वहिनी: लावला. नाव त्या ओळीत होतंच त्यांचं. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं एक बाई गोड आवाजात सांगत राहिली. महत्त्वाचा होता म्हणूनच बहुधा उचलला नाही कुणी. मग इस्पितळाचा नंबर शोधला. परगावचं निघालं. तिथल्यांनी इकडून तिकडे जोडत एकदाचा दूधपेढीच्या मोबाइलचा नंबर दिला. तिथल्या नर्सबाई आल्या फोनवर. आणि तुझी बहीण तर तुला माहीतच आहे, घाबरली की मुद्द्याचं शेवटी बोलते. नमस्कार, मी अमुक, आमची रोपवाटिका आहे, तुमचा फ्रीजर आमच्या सर्व्हरवर निरोप पाठवतोय. तू काय केलं असतंस?

दादा: ठेवला असता फोन. नंबरही ब्लॉक केला असता.

वहिनी: तेच केलं त्यांनी. त्यांचंही चुकलं नाही. म्हणाल्या, आम्हाला काही घ्यायचं नाही, आणि ठेवला. पुन्हा लावला तर लागेना. धाकटी नुसती बसून राहिली. हातात फोन, पडद्यावर मायनस अकरा. म्हणाली, वहिनी, मी हा नियम दादानं सांगितल्याबरोबर चालू केला असता तर मला हे दिसलंही नसतं, आणि मी शांत झोपले असते.

दादा: मग काय केलंत?

वहिनी: मी म्हटलं, आण इकडे तो नंबर. माझ्या फोनवरून लावला. सर्व्हर नाही, रोपवाटिका नाही, माझं नावही नाही. म्हटलं, बाई, शिव्या द्यायच्या तर मागाहून द्या. आधी दोन नंबरच्या फ्रीजरपाशी जा, दारावरचा आकडा बघू नका, आतल्या बाटलीला हात लावा.

दादा: आकडा का नाही बघायचा?

वहिनी: ते धाकटी मला कानात सांगत होती. बाहेरच्या दिव्यांच्या पट्टीवर कधी कधी आपण ठरवून दिलेलाच आकडा दिसतो, आतलं खरं तापमान नाही. आणि तसंच झालं होतं. नर्सबाई म्हणाल्या, इथं तर मायनस वीस दिसतंय. मी म्हटलं, दिसू दे, हात लावा. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग चपलांचा. मग काहीच नाही.

दादा: आणि?

वहिनी: आणि लांबून त्या कुणाला तरी हाका मारू लागल्या. एक नाही, दोघातिघांना. धावपळ ऐकू येत होती, ट्रॉलीची चाकं, भांडी की डबे, काय ते. आम्ही दोघी फोन मध्ये धरून बसलेल्या. बऱ्याच वेळानं बाई परत आल्या. आवाजच बदलला होता. म्हणाल्या, बाटल्यांना बाहेरून घाम सुटलाय, पण आतलं दूध अजून दगडासारखं आहे. सगळं रक्तपेढीच्या फ्रीजरमध्ये हलवतोय. एकही बाटली टाकावी लागणार नाही.

दादा: वाचलं म्हणजे.

वहिनी: वाचलं. संध्याकाळपर्यंत जर कुणी बघितलं नसतं तर सगळं ओतून द्यावं लागलं असतं, म्हणाल्या. आणि त्या कक्षात आत्ता अशी बाळं आहेत, हाताच्या ओंजळीत मावतील एवढी, त्यांचं सगळं त्याच दुधावर चाललंय. मग विचारलं, तुम्हाला कसं कळलं हो? मी म्हटलं, ते माझ्या नणंदेला विचारा, आणि माझा फोन धाकटीच्या हातात दिला. आता मात्र तिनं अथपासून इतिपर्यंत सांगितलं. बाई हूं हूं करत ऐकत होत्या. कंपनीच्या साहेबाचा घरचा नंबर त्यांच्याकडे होता, तो दिला.

दादा: आणि आपला नियम? तो कधी चालू केला?

वहिनी: संध्याकाळी, त्या साहेबाशी बोलणं झाल्यावर. केला तसाच, कडक. भुरट्यांना दार बंद, फोटो उचलणाऱ्यांना बंद, निनावी थापेला उत्तर नाही. फक्त वर एक ओळ जास्त घातली. तो फ्रीजर जोवर जुन्या पत्त्यावर येतोय, तोवर त्याचा निरोप घ्यायचा आणि कंपनीच्या नव्या पत्त्यावर पोचता करायचा. त्यांचा माणूस जाऊन यंत्र नीट करणार आहे, मग धाकटी ती ओळही काढून टाकेल. नियम लागल्याबरोबर साइट अशी मोकळी झाली, जसं काही चोंदलेलं नाक सुटलं. पहिली ऑर्डर आली ती मोगऱ्याची.

दादा: हं.

वहिनी: चहा टाकू?

दादा: थांब जरा. काल दुपारी मी तिला फोन केला होता.

वहिनी: माहीत आहे.

दादा: सांगितलं तिनं?

वहिनी: तू काय काय बोललास ते मलाही तुझ्या तोंडून ऐकायचंय.

दादा: स्टॉलवर तो माणूस हसत होता, डोकं फिरलं माझं. म्हटलं, एवढं एक काम सांगितलं होतं. नोकरी धड केली नाहीस, आता घरचंही धड करू नकोस. असंच काहीतरी. तिचं 'हॅलो'सुद्धा ऐकून घेतलं नाही आणि कापला. येताना बसमध्ये सगळा रस्ता तेच डोक्यात. नंतर दोनदा नंबर काढला, लावायचा धीर झाला नाही.

वहिनी: 'हॅलो' कुणी म्हटलंच नव्हतं, तर ऐकून काय घेणार होतास?

दादा: म्हणजे?

वहिनी: माझा फोन तिच्या हातात होता, तिचा माझ्या हातात. ती तिकडे खिडकीशी उभी राहून नर्सबाईंशी बोलत होती, आणि इकडे तिचा फोन वाजला. मी उचलला. तू जे काही ओकलास ते माझ्या कानात ओकलास.

दादा: तिनं ऐकलं नाही?

वहिनी: एक शब्द नाही.

(दादा खुर्चीत मागे टेकतो. बॅगेचा पट्टा आता कुठे खांद्यावरून उतरतो.)

दादा: आणि तू सांगितलं नाहीस.

वहिनी: मी कशाला सांगू? निम्मा तुझा राग होता, निम्मा त्या स्टॉलवाल्याचा. तो घरात कशाला आणायचा? नर्सबाईंचं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, कुणाचा फोन होता. मी म्हटलं, दादाचा. विचारत होता, जेवलीस का.

दादा: मग?

वहिनी: मग काय. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं तिच्या. डोळे पुसले आणि म्हणाली, त्याला सांग, आता जेवते.

दादा: उठली की मी विचारतो.

वहिनी: काय?

दादा: जेवलीस का.